हॉलिवुड-दर्शन : ‘कृत्रिम’ आणि ‘खोटे’ यांतील अंतर

१

एखादे स्थळ ज्या कारणाने प्रसिद्धीस येते, ते कारण तेथे गेल्यावर अंशतः तरी प्रत्यक्ष पाहावयास मिळावे, अशी प्रवाशाची साहजिक अपेक्षा असते. लॉस एंजेलिस नगरातील हॉलिवुड या वस्तीच्या बाबतीत ही अपेक्षा बहुधा विफल होते. चित्रपट कसा घडतो हे पाहण्याच्या ओढीने आलेल्या प्रवाशाला हॉलिवुड बुलेवार या हमरस्त्यावर चित्रपटाचे काम दिसत नाही; दिसतात ती नावे आणि खुणा. पदपथाच्या फरशीत पितळी कडांनी बसविलेल्या तारका, चायनीज थिएटरच्या अंगणातील सिमेंटवर उमटविलेले नटनट्यांच्या हातापायांचे ठसे आणि दूर डोंगरावर उभी असलेली नऊ पांढरी अक्षरे, एवढे पाहून तो परततो. या अपेक्षाभंगातूनच हॉलिवुडविषयक लेखनात एक ठराविक निष्कर्ष रूढ झाला आहे. येथील घरे कचकड्याची, माणसे मुखवट्यांची आणि वैभव रंगविलेल्या पडद्यावरचे; सारांश, येथील सर्व काही खोटे आहे, हा तो निष्कर्ष होय.

हा निष्कर्ष फार सुलभ आहे आणि म्हणूनच तो तपासून पाहिला पाहिजे. ‘कृत्रिम’ आणि ‘खोटे’ या दोन भिन्न कल्पनांची त्यात गल्लत झालेली आहे. रंगभूमीवरील राजवाडा कृत्रिम असतो. पण त्याला कोणी खोटा म्हणत नाही, कारण तो कशासाठी उभा केला आहे हे बांधणारा आणि पाहणारा दोघेही जाणतात. खोटेपणाला दिलेले वचन लागते आणि ते वचन मोडावे लागते. हॉलिवुडमध्ये कृत्रिम काय आहे आणि खोटे काय आहे, हा प्रश्न या वस्तीविषयीच्या ज्या कलाकृतींनी नीट ओळखला, त्याच टिकाऊ ठरल्या. ज्यांनी तो ओळखला नाही, त्यांचा उपरोध प्रवाशाच्या चिडचिडीपलीकडे गेला नाही. प्रस्तुत विवेचनात तीन कादंबऱ्या आणि दोन चित्रपट यांच्या आधारे हे दाखविण्याचा प्रयत्न आहे.

२

प्रथम स्थळ आणि त्याचे नाव यांचा संबंध स्पष्ट केला पाहिजे. हार्वी विलकॉक्स या जमीनमालकाने १८८७ साली आपल्या जमिनीचे तुकडे पाडून विक्रीसाठी नकाशा दाखल केला, त्यावर ‘हॉलिवुड’ हे नाव होते. १९०३ साली या वस्तीला स्वतंत्र नगरपालिका मिळाली आणि पाण्याच्या सोयीसाठी १९१० साली ती लॉस एंजेलिसमध्ये विलीन झाली. म्हणजे पहिला स्टुडिओ तेथे येण्यापूर्वीच स्वतंत्र गाव म्हणून हॉलिवुड संपले होते. १९११ साली नेस्टर कंपनीने सन्सेट आणि गावर या रस्त्यांच्या कोपऱ्यावरील एका जुन्या खानावळीत आपले काम सुरू केले. १९१३ च्या अखेरीस सेसिल बी. डी मिल आणि त्याचे सहकारी यांनी एक कोठार भाड्याने घेऊन ‘द स्क्वॉ मॅन’ या चित्रपटाचे काम आरंभिले; तो १९१४ साली प्रदर्शित झाला.

यानंतरचा इतिहास बराचसा बाहेर पडण्याचा आहे. १९१५ साली कार्ल लेम्लेने युनिव्हर्सल सिटी उभारली ती डोंगरापलीकडच्या खोऱ्यात. मेट्रो-गोल्डविन-मेयरचा स्टुडिओ कल्व्हर सिटीत होता. वॉर्नर आणि डिस्ने बरबँकला गेले. कोलंबियानेही १९७२ साली गावर रस्ता सोडला. जुन्या मोठ्या स्टुडिओंपैकी पॅरामाउंटच काय तो प्रत्यक्ष हॉलिवुडमध्ये राहिला. अशा रीतीने ‘हॉलिवुड’ हे नाव एका धंद्याला चिकटले आणि तो धंदा मात्र बहुतांशी त्या वस्तीबाहेर चालू राहिला. प्रवासी येतो तो धंद्याचे नाव ऐकून आणि उतरतो तो वस्तीत.

डोंगरावरील अक्षरांची कथाही याच जातीची आहे. १९२३ साली उभारलेली ती पाटी ‘हॉलिवुडलँड’ नावाच्या घरबांधणी योजनेची जाहिरात होती. सुमारे पन्नास फूट उंचीची अक्षरे रात्री विजेच्या दिव्यांनी उजळत. १९४९ साली दुरुस्तीच्या वेळी शेवटची चार अक्षरे काढून टाकण्यात आली आणि १९७८ साली संपूर्ण पाटी पोलादात नव्याने बांधली गेली. जगातील चित्रपटसृष्टीचे चिन्ह म्हणून जी वस्तू ओळखली जाते, ती मुळात जमीन विकण्याची पाटी होती. तिच्यात कृत्रिम असे काही नाही. अक्षरे खरीखुरी आहेत. खोटेपणा शोधावयाचा झाल्यास तो अक्षरांत सापडणार नाही, त्यांनी दिलेल्या आश्वासनात सापडेल.

प्रवासी आणि काम यांची प्रत्यक्ष गाठ एकदा पडली होती, हेही नोंदविले पाहिजे. लेम्लेने युनिव्हर्सल सिटीत पंचवीस सेंट घेऊन लोकांना बाकांवर बसवून चित्रीकरण पाहू दिले. मूकपटाच्या काळात प्रेक्षकांनी टाळ्या वाजविल्या किंवा खलनायकाला शिव्या दिल्या तरी बिघडत नसे. बोलपट आला आणि ही मुभा संपली, कारण ध्वनिमुद्रणाला शांतता हवी होती. १९६४ साली ही सफर नियमितपणे पुन्हा सुरू झाली, पण प्रवाशासाठी वेगळे आखून दिलेले दर्शन म्हणून. मधल्या काळात स्टुडिओचे फाटक बंद राहिले. आणि हॉलिवुडविषयीच्या महत्त्वाच्या साहित्याचा मोठा भाग याच बंद फाटकाच्या काळात जन्मला, हा केवळ योगायोग नव्हे.

३

हॅरी लिऑन विल्सन याची ‘मर्टन ऑफ द मूव्हीज’ (१९२२) ही कादंबरी या परंपरेच्या आरंभी उभी आहे. इलिनॉय राज्यातील सिम्सबरी गावच्या दुकानात काम करणारा मर्टन गिल पत्रद्वारा अभिनयाचे शिक्षण घेऊन हॉलिवुडला येतो. भूमिका वाटणाऱ्या कचेरीत दिवसामागून दिवस बसून राहतो, पैसे संपल्यावर स्टुडिओच्या आवारात लपून सेटवरील घरांत रात्री काढतो. येथे विल्सनने एक मार्मिक गोष्ट साधली आहे. ज्या घराला मागची भिंत नाही, त्या घरात भुकेलेला माणूस खरोखर झोपतो. सेट कृत्रिम आहे. भूक कृत्रिम नाही.

मर्टनचा खरा भ्रमनिरास सेट पाहून होत नाही. आपली आराध्य नटी ब्यूला बॅक्स्टर धाडसाची कामे स्वतः करते, अशी त्याची श्रद्धा असते. ती कामे मॉन्टेग्यू नावाची एक साधी मुलगी तिच्या वेषात करते, हे त्याला कळते तेव्हा तो कोसळतो. भिंत लाकडाची आहे हे त्याला खुपत नाही, एकीच्या श्रमाला दुसरीचे नाव लागले हे खुपते. कादंबरीचा विनोद हलका असला आणि शेवट सोयीस्कर असला, तरी खोटेपणाचे नेमके ठिकाण तिने प्रथमच दाखवून दिले, ही तिची कामगिरी मान्य करावी लागते.

४

नॅथनाएल वेस्टची ‘द डे ऑफ द लोकस्ट’ (१९३९) ही कादंबरी बहुधा हॉलिवुडच्या खोटेपणाचे सर्वांत कडवट चित्रण म्हणून वाचली जाते. हे वाचन अपुरे आहे. नेपथ्याची रेखाटने करण्यासाठी नेमलेला चित्रकार टॉड हॅकेट पहिल्याच प्रकरणात संध्याकाळी घरी परतताना डोंगरउतारावरील घरे पाहतो. मेक्सिकन वाडे, सामोअन झोपड्या, इजिप्शियन व जपानी देवळे, स्विस धर्तीच्या बंगल्या असा तो बाजार पाहून सुरुंगाशिवाय याला उपाय नाही असे त्याला वाटते. परंतु वेस्ट येथे थांबत नाही. सौंदर्याची आणि अद्भुताची गरज भागविण्याची ही धडपड कितीही विद्रूप झाली तरी तिला हसणे कठीण आहे, असा कल तो लगेच घेतो. उपरोधकाराने आपल्याच उपरोधाला घातलेला हा आवर संपूर्ण कादंबरीची किल्ली आहे.

या दृष्टीने वॉटर्लूच्या लढाईचे प्रकरण सर्वांत महत्त्वाचे आहे. टॉड स्टुडिओच्या मागच्या आवारातून फिरत असतो: वाळवंटाशेजारी पॅरिसचा रस्ता, त्यापुढे ग्रीक मंदिर, त्यापुढे मोडक्या नेपथ्याचा उकिरडा. पुढे लढाईचे चित्रीकरण चालू आहे. एक सहायक घोडदळाला टेकडीवर चढाईचा हुकूम देतो. पण ती टेकडी अजून पुरी झालेली नाही, खालचे टेकू बसविलेले नाहीत. कापड, लाकूड आणि गिलावा यांची ती टेकडी सैनिकांसह खाली कोसळते आणि माणसे जायबंदी होतात. नेपोलियननेही याच ठिकाणी अशीच चूक केली होती, असे वेस्ट निर्विकारपणे नोंदवितो.

वरवर पाहता हा इतिहास आणि त्याची नक्कल यांच्यातील विसंगतीचा विनोद आहे. परंतु विनोदाच्या तळाशी एक कठोर हिशेब आहे. टेकडी लटकी, गणवेश भाड्याचे, सेनापती रोजंदारीचा. एवढ्या कृत्रिमतेत मोडलेले पाय तेवढे खरे आहेत. ते मोडले याचे कारण टेकडी बनावट होती हे नव्हे. ती नीट बनविलेली नव्हती, हे त्याचे कारण होय. सुताराचे काम पुरे होण्याआधी हुकूम सुटला. दोष निर्मितीचा नाही, निर्मितीविषयीच्या बेपर्वाईचा आहे. ‘सर्व खोटे’ म्हणणाऱ्या समीक्षेला हा फरक दिसू शकत नाही, कारण तिच्या लेखी सुतार आणि हुकूम देणारा दोघेही एकाच लबाडीचे भागीदार असतात.

शेवटच्या प्रकरणात वेस्ट प्रवाशाकडे वळतो. चित्रपटाच्या पहिल्या खेळासाठी थिएटरसमोर जमलेला जमाव जन्मभर राबून, पैसा साठवून कॅलिफोर्नियात आलेल्या माणसांचा आहे. ऊन आणि संत्री यांचा त्यांना कंटाळा आला आहे. ज्याची हमी मिळाल्यासारखे वाटत होते ते काही येथे मिळाले नाही. हा जमाव दंगलीत फुटतो. वेस्टच्या लेखी प्रवासी हा हसण्याचा विषय नाही. तो फसविला गेलेला आणि म्हणून भयंकर झालेला माणूस आहे. त्याला सेटने फसविले नाही; सेट तर त्याला पाहूही दिला नाही. त्याला फसविले ते पाटीने.

५

एफ. स्कॉट फिट्झजेराल्डची ‘द लास्ट टायकून’ लेखकाच्या मृत्यूमुळे अपुरी राहिली आणि १९४१ साली प्रसिद्ध झाली. वेस्टचा जमाव फाटकाबाहेर आहे. फिट्झजेराल्ड वाचकाला फाटकाच्या आत नेतो. निवेदन करणारी सेसिलिया ही एका निर्मात्याची मुलगी असून नायक मन्रो स्टार हा स्टुडिओचा कर्ता पुरुष आहे. चित्रपटाला तुच्छ लेखणारा बॉक्स्ली नावाचा इंग्रज कादंबरीकार स्टारकडे येतो, तो प्रसंग समीक्षकाने विशेष लक्षपूर्वक वाचावा असा आहे. स्टार त्याला कोणतेही तत्त्व सांगत नाही. एक तरुणी खोलीत येते, पर्समधील नाणी आणि काड्यापेटी टेबलावर काढते, काळे हातमोजे शेगडीत घालते, तेवढ्यात दूरध्वनी वाजतो, अशी एक लहानशी घटना तो जुळवीत जातो. बॉक्स्ली अभावितपणे पुढे काय झाले असे विचारू लागतो आणि त्यातील एका नाण्याचे प्रयोजन काय, असेही विचारतो. कचकड्याच्या जगाला हसणारा माणूस त्या जगाच्या कारागिरीत क्षणभर सापडला आहे. कृत्रिम ते खोटे नव्हे, या सिद्धान्ताचे याहून नेटके प्रात्यक्षिक हॉलिवुडविषयक वाङ्मयात क्वचितच आढळेल.

याच कादंबरीत भारतीय वाचकाला थबकविणारे एक स्थळ आहे. भूकंपाने पाण्याची नळी फुटते आणि स्टुडिओच्या आवारात आलेल्या लोंढ्यात शिवाचे एक प्रचंड मस्तक तरंगत येते. त्यावर दोन स्त्रिया बसलेल्या असतात. त्यांपैकी एकीत स्टारला आपल्या मृत पत्नीचा भास होतो. या मूर्तीचा उल्लेख निवेदनात ‘देवी’ असा येतो. ही चूक सेसिलियाची की लेखकाची, हे मजकुरावरून ठरविता येत नाही. मात्र तिचे स्वरूप बोधप्रद आहे. आपल्या व्यवसायाच्या आतील बारकावे इतक्या ममतेने पाहणारी दृष्टी ब्रह्मदेशाच्या सेटवरील मूर्तीपाशी आल्यावर एकाएकी प्रवाशाची होते. म्हैसूर संस्थानातील माहुताचा मुलगा साबू याच्या वाट्याला हॉलिवुडमध्ये जंगल आणि बगदाद याच भूमिका मुख्यतः आल्या. त्याचे नाव पदपथावरील तारकांत आहे. नाव कोरले गेले म्हणजे माणूस पाहिला गेला, असे होत नाही, हे येथेही दिसते.

६

बिली वाइल्डरच्या ‘सन्सेट बुलेवार’ (१९५०) या चित्रपटाचे शीर्षक रस्त्याच्या कडेच्या दगडावर रंगविलेल्या अक्षरांतून दिसते. स्थळाचे नाव येथे पायाशी, गटाराजवळ आहे. कथेतील जुना वाडा मात्र त्या रस्त्यावर नव्हता. चित्रीकरण विल्शायर बुलेवारवरील एका वाड्यात झाले आणि तो १९५७ साली पाडला गेला. म्हणजे सन्सेट बुलेवारवर तो वाडा शोधणाऱ्या प्रवाशाला तो त्या काळीही सापडला नसता. यामुळे चित्रपटाची सत्यता तिळभरही उणी होत नाही.

या चित्रपटाच्या मध्यभागी एक भेट आहे. मूकपटातील विस्मृत नटी नॉर्मा डेस्मंड पॅरामाउंटच्या फाटकाशी येते. तरुण पहारेकरी तिला ओळखत नाही. म्हातारा ओळखतो आणि फाटक उघडतो. आत डी मिल स्वतःच्याच भूमिकेत काम करतो आहे. खुर्चीवर बसलेल्या नॉर्माच्या टोपीच्या पिसाला ध्वनिग्राहक घासून जातो आणि ती तो हाताने दूर सारते. वर माळ्यावरचा एक जुना दिवेवाला तिला ओळखून झोत तिच्यावर टाकतो. भोवती माणसे जमतात. मग झोत जागच्या जागी नेण्याचा हुकूम होतो आणि ती पुन्हा अंधारात जाते. स्टुडिओला तिची गरज आहे असे तिला वाटते. वास्तविक हवी असते ती तिची जुनी मोटार.

या प्रसंगात तिची फसवणूक कृत्रिम वस्तूंनी केलेली नाही. झोत, ध्वनिग्राहक, सेट ही सर्व साधने आपापले काम चोख करीत आहेत. आणि दिवेवाल्याने टाकलेला झोत ही तर त्या संपूर्ण चित्रपटातील सर्वांत निर्मळ कृती आहे. खोटे आहे ते तिला खरी गोष्ट न सांगणारे सौजन्य. नॉर्माची भूमिका करणारी ग्लोरिया स्वॉन्सन स्वतः डी मिलच्या मूकपटांची नायिका होती आणि तिच्या नोकराची भूमिका करणाऱ्या एरिक फॉन स्ट्रोहाइमने एकेकाळी तिला दिग्दर्शित केले होते, हे ध्यानात घेतले की या भेटीची धार अधिक जाणवते. स्वतःच्याच कामाच्या जागी पाहुणी होऊन येण्याचे दुःख वाइल्डरने नेमके टिपले आहे.

७

‘सिंगिंग इन द रेन’ (१९५२) हा चित्रपट आनंदी असल्यामुळे वरील कृतींच्या पंक्तीस सहसा बसविला जात नाही. पण प्रस्तुत प्रश्नाचे सर्वांत स्वच्छ उत्तर त्याच्याच एका प्रसंगात आहे. नायक नायिकेला रिकाम्या सेटवर नेतो, रंगीत दिवे लावतो, वाऱ्यासाठी पंखा सुरू करतो, तिला शिडीवर उभी करतो आणि मग आपले प्रेम व्यक्त करतो. सर्व यंत्रणा उघडी आहे आणि भावना तरीही खरी ठरते. किंबहुना यंत्रणा उघडी केल्यामुळेच ती खरी ठरते. उलट याच कथेतील खोटेपणा एका नटीच्या तोंडी दुसरीचा आवाज घालून त्या दुसरीचे नाव दडविण्यात आहे. मर्टनच्या कादंबरीतील प्रश्न तीस वर्षांनी पुन्हा समोर आला आहे.

आणि येथे कलाकृतीलाच तिचा निकष लावावा लागतो. आवाज चोरला गेलेल्या मुलीच्या भूमिकेतील डेबी रेनॉल्ड्सचे एक गाणे प्रत्यक्षात बेटी नॉइस या गायिकेने गायिले होते आणि पडद्यावर तिचे नाव नव्हते. दुसऱ्याच्या आवाजाला नाव मिळावे असे सांगणाऱ्या चित्रपटाने स्वतः एक आवाज बिननावाचा ठेवला. यामुळे चित्रपट वाईट ठरत नाही. पण खोटेपणा सेटवर नसून नामावलीत असतो, या विधानाला तो आपल्याच उदाहरणाने दुजोरा देतो.

हा प्रश्न केवळ कलामीमांसेचा नाही. १९४७ साली अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष देण्यास नकार देणाऱ्या दहा जणांना तुरुंगवास भोगावा लागला आणि पुढे अनेक लेखकांना स्वतःच्या नावाने काम मिळेनासे झाले. डाल्टन ट्रम्बोने ‘रोमन हॉलिडे’ (१९५३) ची कथा लिहिली, ती दुसऱ्या लेखकाच्या नावाने प्रसिद्ध झाली. ‘द ब्रेव्ह वन’ (१९५६) च्या कथेचे पारितोषिक ‘रॉबर्ट रिच’ या उसन्या नावाला मिळाले. १९६० साली त्याचे खरे नाव पुन्हा पडद्यावर आले. याच १९६० च्या सुमारास हॉलिवुडच्या पदपथावर नावांच्या तारका बसविल्या जात होत्या आणि त्या मूळ मालिकेतून चार्ल्स चॅप्लिनचे नाव वगळण्यात आले होते. ते १९७२ साली बसविले गेले. एकाच काळात एकीकडे नावे कोरली जात होती आणि दुसरीकडे नावे दडपली जात होती. पदपथावरून खाली पाहत चालणाऱ्या प्रवाशाला यांपैकी पहिलीच गोष्ट दिसू शकते.

८

२००१ साली हॉलिवुड बुलेवारवर उभारलेल्या एका बाजारसंकुलाच्या चौकात डी. डब्ल्यू. ग्रिफिथच्या ‘इन्टॉलरन्स’ (१९१६) मधील बॅबिलॉनच्या सेटची प्रतिकृती, उंच खांबांवरील हत्तींसह, बांधण्यात आली होती. २०२१ साली नूतनीकरणात हे हत्ती काढून टाकण्यात आले. ग्रिफिथचे बॅबिलॉन कॅमेऱ्यासाठी होते आणि कॅमेऱ्यासमोर ते आपल्या परीने खरे होते. चौकातील बॅबिलॉन कोणत्याच कामासाठी नव्हते. प्रवाशाला येथे काही घडले असावे असे वाटावे, एवढेच त्याचे प्रयोजन होते. दोन्ही कृत्रिम; पण दोहोंत अंतर आहे आणि ते समीक्षेने सांभाळले पाहिजे.

मुंबईच्या चित्रव्यवसायाला ‘बॉलिवुड’ हे नाव मिळाले, त्यात तर स्थळही उरले नाही. नकाशावर असे कोणतेच गाव किंवा मोहल्ला नाही. हे नाव वापरताना दादर, परळ, अंधेरी किंवा गोरेगाव येथे राबलेल्या माणसांचा हिशेब कोणत्या नावाखाली मांडावयाचा, हा प्रश्न येथील अभ्यासकांनाही टाळता येणार नाही.

डी मिलने भाड्याने घेतलेले कोठार अजून उभे आहे. मूळ जागेवरून हलवून ते हॉलिवुड बोलसमोर ठेवण्यात आले असून तेथे मूकपटकाळाचे संग्रहालय आहे. ती एक साधी लाकडी इमारत आहे. तिला चिनी शिखर नाही की इजिप्शियन खांब नाहीत, कारण ती पाहण्यासाठी बांधलेलीच नव्हती. हॉलिवुडविषयीच्या ज्या कृतींचा येथे विचार झाला, त्यांनी वाचकाला अशाच जागी नेऊन उभे केले: जेथे पाटी दिसत नाही आणि काम दिसते. हे करताना त्यांनी कृत्रिमतेचा धिक्कार केला नाही. त्या कृत्रिमतेसाठी कोणाचे पाय मोडले, कोणाचा आवाज गेला आणि कोणाचे नाव पुसले, याची विचारणा केली. उपरोधापेक्षा ही विचारणा अधिक अवघड आहे आणि या कृतींचे मोलही मुख्यतः तिच्यावरूनच ठरावे.